लावतो

तोडणकर झेरॉक्सच्या दुकानात बसतात,
पाचच्या आत पान पाठवायचं असतं.
मी सांगितलं, हर्णैच्या जेटीवरचा दिवा
गणपतीपासून बंद आहे.
"कोणी पडलं का?"
नाही.
"सरपंच काय म्हणाले?"
त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे.
"मग फोटो तरी."

मोबाइल पुढे केला. सगळा काळा.
खालच्या कोपऱ्यात हलिमाबीची टोपली,
तीही मला माहीत म्हणून दिसते.
ते बराच वेळ बघत राहिले.
दोन बोटांनी काळोख मोठा केला,
पुन्हा लहान.

काल भरतीला आले, चपला हातात घेऊन.
तिसऱ्या पायरीवर दोराला अडकले,
शिवी हासडली, कोणाला ते कळलं नाही.
"लावतो," म्हणाले.
बातमी की दिवा,
मी विचारलं नाही.