खिळे काढायचं काम

धरणगावची जिनिंग पाडली, त्या वैशाखात
मी उखर्डू मिस्तरीकडे लागलो. खिळे काढायला.
चोपडा रोडला पत्र्याचं शेड,
बाहेर निंबाखाली पालथी पडलेली
अठरा फुटांची सागवानी तुळई.
तिच्या भेगांत अजून सरकी होती.
फुंकर मारली की कापसाचा पुंजका उडायचा,
माझ्या घामाला येऊन चिकटायचा.

जंबूर, छिन्नी,
आणि फुटक्या भोंग्यातून काढलेलं लोहचुंबक.
चुंबक लाकडावरून सावकाश न्यायचं,
जिथे ते अडखळेल तिथे खडूने फुली.
पहिल्या दिवशी एकशे बारा फुल्या.
मिस्तरींच्या जिभेला ळ ठाऊक नव्हता.
"वाकडा खिया सरय करी ठेव," म्हणायचे,
"तुटेल डब्बामा टाक."
तुटके किलोवर जायचे भंगारात.
त्यात दोघांचा चहा निघायचा, कधी एक भजी.

ते बोलायचे फक्त भाकर संपल्यावर.
कळण्याची भाकर, तेल-मिरची, मग:
"मन्हा पहिले तीन व्हयनात. जगनात नही."
चौथा झाला तर आईनं त्याला
उकिरड्यावर नेऊन ठेवला, उघडाच.
शेजारणीनं उचलला.
मग आईनंच तिला पायलीभर ज्वारी मोजून
तो परत विकत घेतला.
टाकलेल्या वस्तूकडे मरण ढुंकत नाही,
असा तो हिशेब.
नाव पडलं उखर्डू.
एवढं सांगून त्यांनी ताट विसळलं
आणि गुण्या कुठे ठेवला ते शोधू लागले.

टेबल होतं जळगावच्या भंगाळे मॅडमचं,
सहा माणसं जेवतील असं.
त्या म्हणाल्या, जुनंच हवं, पण भोकं बुजवा सगळी.
मिस्तरींनी 'हो' म्हटलं
आणि ज्यात भाताचं शीत अडकेल
तेवढीच बुजवली,
त्याच लाकडाचा भुसा सरसात कालवून.
बाकीची राहिली, काठाला काळी,
लोखंड गंजून लाकडात मुरलेलं.

चौथा पाय चिरताना करवत किंचाळली.
तीन दात गेले.
माझीच जागा, मीच चुंबक फिरवलेलं.
मी खाली मान घालून उभा राहिलो.
खिळा पितळेचा निघाला.
चुंबकाला पितळ कळत नाही,
हे मला त्या दिवशी कळलं, दात गेल्यावर.
मिस्तरींनी कापलेल्या जागी अंगठा फिरवला.
पिवळा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा.
"ऱ्हाऊ दे. तो बी घरनाच शे."

एका फळीवर डांबराने लिहिलं होतं: गठाण ४१२.
मी रंधा घेतला तर त्यांनी हात धरला,
फळी उलटी केली, अक्षरं खाली.
वरच्या अंगाला तेल पाजलं तीनदा.
सागाचा रंग उघडला, उसाच्या काकवीसारखा,
आणि शेडभर वास सुटला,
शंभर वर्षं बंद ठेवल्यासारखा.

जळगावला लिफ्टमध्ये मावलं नाही.
तीन मजले आम्ही ते पालखीसारखं नेलं,
वळणावर भिंतीचा रंग थोडा खरवडला.
फरशीवर एक पाय डुगडुगला.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा, काम झालं.
मॅडम भोकं मोजत होत्या, काही बोलायच्या बेतात,
तेवढ्यात त्यांची पोरगी टेबलाखाली शिरली
आणि आतून ओरडली,
"मम्मी, इथे चारशे बारा लिहिलंय!"
मग सगळेच वाकले.
मॅडम, हमाल, मिस्तरीसुद्धा, गुडघे कडकड वाजवत,
जणू त्यांनाही आत्ताच दिसतंय.
भोकांचं राहूनच गेलं.

परतताना टेम्पोच्या हौद्यात
पाळधीचा पूल ओलांडेपर्यंत ते गप्प होते.
मग म्हणाले,
"तुन्हं नाव कोनी ठेवं रे?"
मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं कुणाला.
पायाशी डबा होता,
सरळ केलेल्या खिळ्यांचा,
प्रत्येक खड्ड्याला वाजत.