एकोणिसावा प्रश्न

डुलुथ, मिनेसोटा. जानेवारी. उणे सत्तावीस.
टोइंग कंपनीच्या ऑफिसात रात्रपाळीला मी एकटी.
हीटर आहे, पण तो फक्त डाव्या पायाला ओळखतो.
समोर लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचं पुस्तक, सेकंडहँड,
आधीच्या कुणाच्या तरी चुका फिक्या पेन्सिलीत.

एकोणिसावा प्रश्न:
बांध फुटला असता तर कुरण भिजलं असतं.
कुरण कोरडं आहे.
म्हणून बांध फुटलेला नाही.
पुढच्या पाचांपैकी कोणत्या युक्तिवादाची ठेवण अशीच आहे?

बांध विसरायचा. कुरण विसरायचं.
कोंबडी सोलावी तसं सोलत जायचं,
पिसं, कातडी, मांस, चव,
आणि उरलेली हाडं टेबलावर मांडायची:
हे असेल तर ते. ते नाही. म्हणून हे नाही.
मग पाच परक्यांच्या कोटात हात घालून
तीच बरगडी चाचपायची.

अ मध्ये बेकरी आहे, पण ती उलटी चालते:
यीस्ट ताजं तर पाव फुगतो; पाव फुगलाय, म्हणून यीस्ट ताजं.
नाही.
ब मध्ये एक ‘बहुतेक’ शिरलाय, चोरपावलांनी.
क मध्ये मांजरं. मांजरांपाशी पोचते तोच

फोन.
टॉइवो लेप्पानेन. वय एक्याऐंशी, न विचारता सांगितलेलं.
गाडी चरात, पुढचं चाक हवेत, माणूस धड.
“घर दिसतंय मला इथून,” तो म्हणतो.
“ऐली घरी असती तर तिनं पायरीवरचा दिवा लावला असता.
दिवा नाहीये.
म्हणजे ऐली घरी नाही.”
आणि मग, बऱ्याच वेळाने: “या थंडीत कुठे गेली असेल ती?”

मी पत्ता लिहून घेतला.
आणि, सांगायला लाज वाटते,
त्याची तीन वाक्यं पुस्तकाच्या समासात उतरवली.
चपखल. हाडाला हाड.
पाचांत शोधत होते ते
फोनवर धापा टाकत होतं.

वेंडेल ट्रक घेऊन निघाला. त्याला वीस मिनिटं लागतील.
पुस्तक एका प्रश्नाला ऐंशी सेकंद देतं.

शाळेतल्या ब्रॅकेटबाई, समुपदेशक,
टेबलावर काचेचं बदक ठेवायच्या.
त्यांचा निकाल मला पंचवीस वर्षं पाठ आहे:
सिग्ने हाकोला, तुझ्यात काही असतं
तर अठराव्या वर्षीच तू हे गाव सोडलं असतंस.
सोडलं नाहीस.
‘म्हणून’ त्या बोलल्या नाहीत. बदक पुसत राहिल्या.
तेवढं मी घरी जाऊन स्वतः लिहिलं.

रेडिओ खरखरला. वेंडेल:
“अख्ख्या रस्त्याची वीज गेलीय, सिग्ने.
बाई घरातच आहेत. तीन स्वेटर घालून
मेणबत्तीपाशी पत्ते मांडून बसल्यात.
आजोबांवर भडकल्यात. मला केक दिला.”

तर युक्तिवाद बिनचूक होता.
एक सांधा निखळलेला नाही.
पहिल्याच ओळीत अंधार होता, एवढंच.
आणि पुस्तक ते विचारत नाही.
पुस्तक म्हणतं, विधानं खरी धरा.

अठराव्या वर्षी, ब्रॅकेटबाई,
मी आठवड्यातून तीनदा आईला डायलिसिसला नेत होते.
परतताना ती खिडकीला डोकं टेकून झोपायची
आणि मी खड्डे चुकवत गाडी हाकायची.
तुमची ठेवण शुद्ध होती.
तुम्ही रस्त्यावर वीज आहे का
ते पाहिलं नव्हतंत.
मीही नाही.

उत्तर ड होतं. ड मध्ये कसलंसं दीपगृह.
गोल भरला. टायमर म्हणतो: अडतीस मिनिटं, दहा सेकंद.

रेडिओ वेंडेलने बंद केलेलाच नाही.
मागून एक म्हातारा आवाज येतोय, खणखणीत, फिनिश वळणाचा:
“याला डोकं असतं तर यानं शेजारचे दिवे पाहिले असते!
पाहिले का? नाही पाहिले!”

मी पेन्सिल उचलते.
टॉइवो काहीच बोलत नाही.
केकचा तुकडा मोडल्याचा आवाज येतो.