पॅसेज एकतीस

मे महिन्यात अजनीहून येताना
स्कूटरचं हँडल हातरुमालानं धरावं लागतं.
बाहेर सेहेचाळीस.
माझ्या इन्क्युबेटरमध्ये सदतीस, बारा महिने,
दिवाळी असो की मारबत.

आत, तिसऱ्या फळीवर, डोमाजी बारापात्रे.
म्हणजे चिकटपट्टीवर निळ्या शाईत
एन-१४, पॅसेज ३१.

पाचपावलीत त्यांचा ठेला होता.
चाळीस वर्षं पन्नीत खर्रा घोटला,
गिऱ्हाईकासाठी घोटता घोटता
एक चिमूट आपल्या गालात.
ओपीडीत तोंड उघडा म्हटलं
तर दोन बोटं आत जात नव्हती.
सावजी रस्सा सुटून तीन वर्षं झालेली.
तरी हसले:
"बायकोचंच आयकाव लागते आता, मॅडम."

संमतीपत्रावर त्यांनी अंगठा दिला.
सही येते ना तुम्हाला, मी विचारलं.
"येते. पन अंगठ्याले खर्र्याचा वास हाये,
तुमच्या कागदाले समजू द्या कोनाचा होय थो."

गाठीनं नाही गेले ते.
माझ्या निबंधात ते वाक्य असं आहे:
'रुग्णाचा मृत्यू श्वसनमार्गाच्या संसर्गाने झाला.'
कर्ता नसलेलं, इस्त्री केलेलं वाक्य.
केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर पांढऱ्या पेशी सातशे,
आणि एक साधा जंतू,
जो आत्ता माझ्याही नाकात असेल, गुमान बसलेला.
आठ दिवस लागले त्याला.
माझं सगळं काम त्या आठ दिवसांचं आहे:
गाठ आतून कडी कशी काढते,
आणि चोराला ते कळतं कसं.

चौदा जणांचे तुकडे आणले होते.
तेरांच्या पेशी काचेत तगल्या नाहीत.

मागल्या महिन्यात रात्री लाइन गेली.
सकाळी माध्यमाचा गुलाबी रंग हटलेला,
संत्र्याच्या सालीवर आलेला.
पुण्याच्या पाहुण्यांना मी हा रंग पेटीनं देते.
फ्लास्कमध्ये दिसला की पोटात गोळा येतो.
दुपारपर्यंत पिवळा, गढूळ.
जंतू. पॅसेज अडतीस, संपला.
ब्लीच ओतताना मी मोठ्यानं म्हणाले,
दुसऱ्यांदा त्याच दुखण्यानं गेले,
आणि आमच्या किसनानं, अटेंडंटनं,
पायातली चप्पल काढली.

मग द्रव नायट्रोजनमधून जुनी कुपी काढली, तिसावी.
तळहातात धरून वितळवली.
डोमाजी पुन्हा एकतिसावर आले.
इतकं मागं कोणाला येता येतं?

सोमवारी त्यांची मुलगी आली, चेतना धकाते.
मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स हवी होती, विम्यासाठी.
जाता जाता दारात थांबली.
"बाबाचं काही हाये म्हन्ते तुमच्यापाशी?"

मी फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.
कोणता डोळा मिटायचा तेच तिला कळेना,
दोन्ही उघडे ठेव, म्हटलं.
बराच वेळ पाहिलं तिनं.
"जिते हायेत?"
हो.
"काय खातेत?"
साखर, क्षार. (वासराच्या रक्ताचं मी बोलले नाही.)
"तिखट नाही ना?"
नाही.
पण चेतना, हे बाबा नाहीत.
बाबांना जे खात होतं, ते आहे हे.

तिनं डोकं वर केलं.
कूलरचं पाणी टपटपत होतं खिडकीत.
"म्हन्जे बाबा घरी नाही आले,
अन् हे अजून बसून खाऊन राह्यलं?"

या प्रश्नाला अनुदान मिळत नाही.
मी झाकण पुन्हा तपासलं, उगीच.

ती परत वाकली भिंगावर,
आणि मग एकदम मागं सरली,
ओढणी तोंडावर धरून.
"मले दोन दिवसांपासून खोकला हाये, मॅडम.
माह्या श्वासानं काही होनार तं नाही ना त्याले?"

होऊ शकतं, मी म्हटलं,
आणि दार लवकर लावून घेतलं.