नववा रकाना

परळीहून राख घेऊन येणारा बल्कर
औशाच्या अलीकडे धाब्यावर थांबतो.
मस्तान चहा पितो, आणि मी
त्याच्या डिझेलचा कार्बन मांडते:
येताना भरलेला, जाताना रिकामा,
रिकाम्याचाही हिशोब धरावा लागतो.

पहिल्या रकान्यात क्लिंकर, निम्म्यावर आणलेला.
दुसऱ्यात भट्टीची आच,
चुनखडीनं भाजताना सोडलेला उसासा.
तिसऱ्यात राख. तिथं शून्य लिहायचं,
कारण कोळसा जळला तो विजेच्या खात्यावर.
जाळणं एका वहीत, उरलेलं दुसरीत.
अशा दोन वह्या
आमच्या मामाच्या आडतीवरही असत.

मस्तान म्हणतो, "म्याडम, संच बंद तर राख बंद.
त्या साली धरण आटलं,
चार महिने गाडी उभी. टायरात उंदरं झाली."
मी लिहिते: पुरवठा अनिश्चित.
उंदरं लिहीत नाही.

अंगणवाडीचं छत, चाचणीपुरतं.
या सिमेंटला घाई सोसत नाही.
सातव्या दिवशी यंत्राखाली ठेवलेला ठोकळा
कच्च्या भाकरीसारखा कडेनं सुटला.
छप्पन्नाव्या दिवशी मात्र काटा असा चढला
की तांबोळी सरांनी चष्मा पुसून
पुन्हा वाचला.
पण गुत्तेदार छप्पन्न दिवस कशाला थांबतोय?
तो रोज येऊन सेंट्रिंगच्या बल्ल्या मोजून जातो,
भाडं चढतंय म्हणतो.

आणि तोवर पाणी.
गोणपाट ओलं ठेवायला अनसाबाई
सकाळी, दुपारी, दिवे लागताना.
शिडी, घागर, शिडी.
टँकर तीन दिवसांआड.

"काय लिवायलीस गं एवढं?"
सांगितलं, या सिमेंटचा हवेला त्रास कमी.
ती वर बघते. मग गोणपाटाकडं.
"बरं झालं की. हवेचं भागलं.
आठ दिस जास्तीचं पाणी मारायलाव आम्ही,
त्ये कुठल्या खान्यात टाकलंस?"

फॉर्मला आठच रकाने.
पट्टी नव्हती. गवंड्याची दोरी ताणून
नववी रेघ मारली, वाकडी आली.
पुण्याहून परत येईल हा कागद,
नमुन्यात बसत नाही म्हणून.

घागरी, दिवसाला: बावीस.

अनसाबाईनं शिडीवरूनच विचारलं, किती लिवलं.
"तेवीस कर," म्हणाली,
"एक माझ्या प्यायची."