खांद्यांचं माप

पवनीच्या बाजारात गाठोडं सुटलं
तेव्हा आतून सतरा जर्सी निघाल्या, जांभळ्या,
छातीवर रानरेड्याचं मुंडकं.
झिबल म्हणाला, चाळीसला एक, घेऊन टाक.
मंडळाचा हिशेब माझ्याच वहीत,
म्हणून पैसे मीच मोजले.

मशीनवर पसरल्या अन् थांबलेच मी.
कंबर माणसाची, खांदे कोणाचे?
उकंडाला घालून पाहिली तर बाही कोपराखाली
अन् मानेच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा,
पायलीभर धान मावेल एवढी.
"बैलाच्या असतीन बाप्पा!" पोट्टे हसले.
मी उसवायला घेतल्या.

तेवढ्यात नागपूरहून भाचा आला, सुगत,
कॉल सेंटरात, अमेरिकेच्या घड्याळावर जगणारा.
म्हणाला, मावशी, हा रेडा मला माहीत आहे.
एक म्हातारा बिलाची तक्रार करायला फोन लावतो
अन् दर वेळी ह्याच टीमवर येऊन थांबतो.

तिकडचा फुटबॉल म्हणे पायाचा नव्हेच.
उराशी दाबायचा, पळायचं,
समोरचे अंगावर येऊन लोळवतात.
खांद्यांवर ढाली बांधतात, म्हणून हा झोल.
"म्हणजे कबड्डीच की," उकंडा म्हणाला,
"त्यांचा चेंडू, आपला दम."

गाव लोखंडाच्या भट्ट्यांचं.
भट्टीवाल्यांनी वर्गणी काढून टीम उभी केली,
पहिल्या वर्षी पगार म्हणून कोळसा दिला.
हरली. पुढंही हरतच गेली.
एकदाच शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली,
अन् जिंकणारच म्हणून आधीच छापून ठेवलेल्या जर्सी
त्या रात्री खोक्यांत गेल्या.
सुगतनं काठ उलटून बारीक अक्षरं वाचली:
विजेते.

मग दुसऱ्या शहरानं मालकाला मोठं मैदान कबूल केलं.
पहाटे चौदा ट्रक लागले.
ढाली, बाकडी, फळ्याखालचा खडूसुद्धा भरला.
भट्टीवाले पाळी सुटल्यावर आले
तर गवत होतं, टीम नव्हती.
म्हातारा नव्या शहराचं नाव तोंडातून काढत नाही,
पण रविवारी टीव्ही लावतो.

झिबलनं बिडी विझवली.
जरा वेळ कोणीच बोललं नाही.

आमच्या हिवरधऱ्याला ट्रक दिवसा आले होते,
सरकारी, भोंगा वाजवत.
धरणाचं पाणी आखरावर चढायच्या आधी
पोट्ट्यांनी कबड्डीची माती खणून नऊ पोती भरली.
साहेब म्हणाला, यादीत माती बसत नाही.
झिबलनं वरून कोंडा पसरला
अन् 'कोंडा, नऊ पोती' लिहून घेतलं.
नव्या गावठाणात सगळा मुरूम, गुडघे फुटतात.
नऊ पोती पुरली फक्त मधल्या रेषेला.
तिथवर पोचलं की पायाला कळतं.

टीमचं नाव अजून जुना हिवरधरा.
पंच दर मंडईला म्हणतो, असं गाव नाही.
आम्ही म्हणतो, लिहा.

खांदे मी कापले नाहीत.
कापड आत दुमडून धावदोरा घातला,
कोण जाणे, एखादा पोट्टा भरेलही.
उपांत्य सामन्यात उकंडाची शिवण उसवली,
जांभळं कापड पंखासारखं बाहेर आलं,
समोरच्यानं तेच मुठीत धरलं.
उकंडा रेषेपर्यंत ओढत गेला,
बोट टेकणार, तेवढ्यात दम तुटला.
तीन गुणांनी गेलो.

सुगतनं त्या रात्री म्हाताऱ्याला सांगितलं,
तुमचा रेडा इकडं खेळतो, आज हरला.
पलीकडं खूप वेळ नुसता श्वास.
मग विचारलं, कितीनं?
तीननं.
"तीन," म्हातारा म्हणाला, "तीन म्हणजे बरंच जवळ."
अन् बिलाचं विसरून
खांद्यांचं माप विचारत बसला.