दोन जोड्या

वरच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही.
स्लॅब बाबांनी स्वतः उभं राहून ओतून घेतलेला,
सळई जरा जास्तच,
टेलिफोन खात्यातल्या माणसाचा
नुसत्या सिमेंटवर विश्वास नव्हता.
त्या सळयांपाशी ऋजुताची मीटिंग
दर मंगळवारी गोठते,
तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले.

'दीवार तो पूरी खोदना पड़ेगी, भिया,'
दुकानातला म्हणाला. बावीस हजार.
मी म्हटलं, थांब.
भिंतीत आहे की एक वायर आधीच.

राजेंद्रनगरच्या या घरात माणसं चार
आणि फोनचे पॉइंट पाच.
नंबर लागायला लोक आठ आठ वर्षं थांबायचे
तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात
हिंगाच्या डबीशेजारी रिसीव्हर लोंबत असे.
बाबा लाइनमन. वायर खात्याची, उरलेली.
उरलेलीच होती, असं ते म्हणत.

रोझेट उघडली.
आत जाळी, पालीची नुसती शेपटी
आणि दोन जोड्या: निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी.
निळीचं तांबं काळं पडलेलं.
नारिंगीचं टोक कधी सोललंच नव्हतं.
फोनला एक जोडी पुरते,
तीच बोलते, तीच ऐकते.
दुसरी बाबांनी गुंडाळून मागे सारलेली,
'असू दे, पडून राहील.'
अडतीस वर्षं पडून राहिली.

नेटवर्कला मात्र दोन्ही लागतात,
एक सांगायला, एक ऐकून घ्यायला.
हे या घरात कुणी आधी सांगितलं असतं तर.

तारांना पीळ कशाला, ते बाबांनीच शिकवलं,
मी सातवीत, हातात त्यांची पक्कड.
'सरळ ठेवल्या की शेजारच्याचं ऐकू येतं.'
तरी यायचंच. क्रॉस कनेक्शन.
आई पोळ्या लाटता लाटता
खांद्यात रिसीव्हर दाबून
मल्हारगंजच्या कुणा बाईचं भांडण ऐके
आणि जेवताना सांगे,
'तिनं शेवटी बांगड्या परत मागितल्या.'
बाबा खात्याचे, नियम पाठ असलेले,
घास हातात धरून विचारत, 'मग?'

एक टोक क्रिंप केलं, दुसरं केलं.
दिवा पिवळा. लागे, विझे, लागे.
अर्धा रविवार गेला, पोहे गार झाले.
मग आठवलं: फाटा.
फोनला फाटे चालतात,
पाच ठिकाणी एकदम खणखणतो.
याला वाट सरळ हवी, या टोकाहून त्या टोकाला.
मध्ये कुणी ऐकत उभं राहिलेलं खपत नाही.

म्हणजे स्वयंपाकघर.

खिडकीवरच्या डबीत जोड सापडला.
नारिंगी तिथून अखंड पुढे गेलेली,
निळीला बाबांच्या हातचे अकरा वेढे, मी मोजले,
वर मेणात बुडवलेली कागदी नळी.
खात्यातले नेमाजी म्हणत,
'रेघेजी की गाँठ है, आदमी खुल जाए, गाँठ ना खुले।'
नाहीच सुटली. कापावी लागली.
आईची बाजू वेगळी केली,
टोकांना टेप लावली
आणि परत आत ढकलून दिली.
काढून टाकता आली असती.

उरलेल्या टोकांना मी पीळ दिला.
सात वेढे झाले, आठव्याला तार तुटली.
पुन्हा सोलली. सातवर थांबलो.

वरून ऋजुता ओरडली, 'आलं!'
दिवा हिरवा. स्पीड शंभर.
हजार येणार नाही, त्याला चार जोड्या हव्यात.
शंभर पुष्कळ झालं.

मंगळवारी तिनं दार लावून घेतलं.
मी खाली चहा टाकत होतो,
डबी कानापासून वीतभर अंतरावर.
पुण्याचा कुणी साहेब, तिचा पगार, तिचं हो किंवा नाही,
सगळं तिथूनच जात असणार, माझ्या सात वेढ्यांतून.
मी गॅस बारीक केला.
काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

आईला हे आवडलं नसतं.