बाचीच्या पुढं

स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या उंचीवर
गाडीला सोळा भोकांचं एक तोंड असतं.
मी तिथं कान लावला.
आधी नुसता कालवा,
दिवाळीच्या आदल्या दिवशी गणपत गल्लीत असतो तसा,
सगळे एकदम बोलतायत
आणि कोण कुणाशी, पत्ता नाही.
तीन आठवडे गेले एक आवाज वेगळा काढण्यात.
बॅटरीचा.
कुणी विचारलेलं नसताना
दर सेकंदाला ती स्वतःचा ताप सांगत होती.

गाडी जुनी, दुसऱ्या हाताची.
कंपनीचं ॲप पहिल्या मालकाच्या नावावर,
आणि त्याचा फोन लागत नाही.
शालन तिनं रोज पाटणे फाट्याला जाते, दवाखान्यात ड्युटीला.
"परतताना अंधारात टक्के बघू, का रस्ता बघू?"
एकदाच म्हणाली.
म्हणून हा सगळा उद्योग.

उद्यमबागेतल्या मल्लेशीनं डबी ओतून दिली,
पंपाच्या झाकणातून उरलेल्या ॲल्युमिनियमची.
"एन माडतियो माराया," म्हणाला, पैसे घेतले नाहीत.
इतकी भक्कम, की आत सिमचा जीव गुदमरला.
मग झाकणाला भोक पाडलं,
भोकातून अँटेना, शेंडीसारखी.

पहिला संदेश आला तेव्हा दुकानात कुणी नव्हतं.
अडुसष्ट टक्के. एकतीस अंश. गाडी उभी.
उभी आहे ते मला दारातून दिसतच होतं.
तरी तीनदा वाचलं.

पाचव्या दिवशी गाडी उघडेचना.
मोठी बॅटरी भरलेली,
बारा व्होल्टची धाकटी मेलेली.
माझी डबी रात्रभर तिचंच पिऊन
मला कळवत बसली होती: सगळं ठीक.
"कुंपणानंच शेत खाल्लं की वो,"
शालन म्हणाली, रिक्षात बसता बसता.
मग मी डबीला झोपायला शिकवलं.
जागं राहण्यापेक्षा ते अवघड निघालं.

आता राहिली होती हद्द.
बाचीच्या पुढं, शिनोळीच्या अलीकडं
सिम एका राज्याचं जाळं सोडतं
आणि दुसऱ्याचं हुडकत फिरतं.
माणसांना सवय आहे. सिमला नाही.
तेवढा वेळ तक्त्यात कोरी जागा पडायची
आणि त्या कोऱ्या जागेनं मला झोप लागेना.
चार ओळी लिहिल्या:
जाळं नसलं तर साठवून ठेव,
मिळालं की धाड.

दुसऱ्या दिवशी कोरी जागा भरून आली.
वेग शून्य. एसी बंद. डावी काच खाली.
अकरा मिनिटं.
बुधवारी नऊ.
गुरुवारी चौदा.
दार उघडलेलं नाही, फोन झालेला नाही,
कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही.
डाव्या हाताला तिथं काजूची झाडं आहेत,
एवढं मला माहीत आहे.
घरी आम्ही पाच माणसं. दवाखान्यात खाटा बारा.
मी आकडे वर-खाली करत राहिलो
आणि मग मान वर करून बघितलं,
दुकानात कुणी आलं तर नाही ना,
चोरासारखं.

रात्री जेवताना तिनंच विचारलं,
"काय काय सांगते तुझी डबी?"
टक्के, म्हटलं. ताप. टायरातली हवा.
"एवढंच?"
आणखी काय असतं गाडीत, म्हटलं.
तिनं आमटी वाढली. माझ्याकडं बघितलं नाही,
पण वाढली जरा जास्तच.

ती झोपल्यावर त्या चार ओळी खोडल्या.
साठवलेलंही पुसलं. 
पुसण्याआधी एकदा वाचलं, खोटं कशाला बोलू.

आज सकाळी आठ बावन्न.
चौऱ्याहत्तर टक्के. तीस अंश. गाडी चालू.
मग कोरं.
मी कडोलकरांच्या मिक्सरचे ब्रश बदलायला घेतले.
एक स्प्रिंग उडून काउंटरखाली गेली,
वाकून हुडकली, 
सापडली तरी जरा वेळ तसाच वाकून राहिलो.
घड्याळ वर भिंतीवर आहे.